हरित बंदराची सवलत जहाजाला आणि काळी पूड सड्याला? मुरगावच्या कोळशाचं नक्की करायचं काय

सड्यावरचा
विषय जुना आहे, माहितीय. परत काढायचं कारण म्हणजे परवा व्हॉट्सअ‍ॅपवर "आपलं मुरगाव आता ग्रीन पोर्ट" असा फॉरवर्ड फिरत होता आणि खाली नुसती अंगठ्यांची रांग. कोणी विचारलंच नाही की ग्रीन म्हणजे काय मोजून ग्रीन.

तर सांगतो. गोव्यातल्या आपल्या मुरगाव बंदराने ऑक्टोबर २०२३ पासून 'हरित श्रेय' नावाची योजना चालू केली. जी जहाजं कायद्याला लागतं त्याहून कमी घाण हवेत सोडतात त्यांना एका आंतरराष्ट्रीय निर्देशांकावर गुण मिळतात, आणि असे गुण घेऊन आलेल्या जहाजाला इथे बंदर शुल्कात सूट. भारतात हे पहिल्यांदा मुरगावने केलं, चांगलं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो निर्देशांक बघतो काय, तर इंजिनातून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड, गंधक, कार्बन. धुराड्यातून येतं तेवढंच. त्याच जहाजाच्या पोटातून ग्रॅबने, म्हणजे क्रेनच्या जबड्याने, कोळसा उपसताना जी पूड उडते ती त्या हिशेबात कुठेच येत नाही. सडा, देस्तेरो, बायणा, मांगोर हिल या बंदराला लागून असलेल्या वास्कोच्या वस्त्यांतली माणसं इतकी वर्षं तक्रार करतायत ती जहाजाच्या धुराची नाहीच, ती या पुडीची.

दुसरं म्हणजे केंद्राची 'हरित सागर' तत्त्वं, मे २०२३ ची. ती कायदा नाही, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यातला गाजवलेला आकडा असा की मालाच्या प्रत्येक टनामागे होणारं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं. टनामागे, बरं का. उद्या माल दुप्पट झाला आणि टनामागे ३० टक्के उतरला तरी एकूण उत्सर्जन आजच्यापेक्षा ४० टक्क्यांनी वाढलेलंच असणार, आणि बंदर मात्र कागदावर हिरवंगार.

माझं म्हणणं "कोळसा बंद करा" असं नाही, आधीच सांगून ठेवतो नाहीतर लगेच दोन्ही बाजूंनी दगड येतील. ती घोषणा राजकारण्यांना फार सोयीची आहे, निवडणुकीआधी सगळे पक्ष देतात आणि नंतर "विषय केंद्राचा" म्हणून मोकळे. राज्याच्या हातात खरं हत्यार एकच, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. हवा कायदा १९८१ खाली ती लागतेच, बंदर केंद्राचं असलं तरी टर्मिनल चालवणाऱ्याला लागतेच. त्या संमतीच्या अटीत दोन गोष्टी घाला. एक, धुळीचं मोजमाप तासातासाचं आणि लोकांना दिसेल असं. दोन, वाऱ्याचा वेग आणि धूळ ठरलेल्या आकड्यावर गेली की क्रेन आपोआप थांबणार, कोणाच्या फोनची वाट न बघता.

तासातासाचं का, तर पीएम १० ची, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बारीक धुळीची, राष्ट्रीय मर्यादा आहे घनमीटरला २४ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीला ६०. समजा २१ तास हवा ६० वर आहे आणि दुपारी वायव्येचा वारा सुटल्यावर तीन तास ३५०. सरासरी काढा, ९६ येते. नियमात! ते तीन तास ज्याने श्वास घेतला त्याला सरासरी सांगून काय उपयोग.

गोदीवाला
झालं सुरू. दर डिसेंबरला वारा सुटला की हा विषय सुटतो.

तुमचं गणित छान आहे पण ३५० आणि तीन तास हे आकडे तुम्हीच धरलेत, मोजलेले नाहीत. तसं मी पण धरू शकतो की पूड रस्त्यावरची आहे. वास्कोत जिथे बघाल तिथे खोदलेलं आहे, फ्लायओव्हरचं काम, बिल्डिंगांची कामं, डंपर उघडे फिरतात, ते कोण मोजतं? काळं दिसलं की कोळसा. डिझेलची काजळी पण काळीच असते.

आणि जरा मागचं पण आठवा. हे बंदर खनिजावर जगलं, एके काळी देशातून लोहखनिज सगळ्यात जास्त इथून जायचं. २०१२ ला कोर्टाने खाणी थांबवल्या, परत सुरू झाल्या, २०१८ ला ८८ लीझ रद्द. मांडवी झुआरीतले बार्ज उभे राहून गंजले, ट्रकवाले कर्जात गेले, हे सगळं आम्ही बघितलंय. त्या वर्षांत बंदराचा पगार आणि निवृत्त लोकांचं पेन्शन कशावर चाललं, तर कोळशावर. ते लिहायला कोणाला सुचत नाही. खनिजाची लाल धूळ वर्षानुवर्षं खाल्ली तेव्हा सगळे चूप, कारण घरोघरी ट्रक होता.

काकी वास्कोची
लाल धुळीवर कोणी बोललं नाही हे साफ खोटं हं. बोललो, ऐकलं नाही कोणी.

खारवी
बंदरवाले आणि सड्यावाले हवेवर भांडतायत, पाण्याचं कोणी काढत नाही म्हणून मी काढतो. जहाज मोठं आणायचं म्हणून चॅनल, म्हणजे बंदरात यायची समुद्रातली वाट, खोल करायचा घाट घातला, १४ मीटरच्या आसपास होता तो जवळजवळ २० मीटर करायचा. पहिली मंजुरी जनसुनावणी न घेताच आणलेली, लोक हरित लवादात गेले तेव्हा कुठे २०१७ च्या एप्रिल-मे मध्ये वास्कोत सुनावण्या झाल्या. मी होतो तिथे. रात्री उशिरापर्यंत माणसं रांगेत उभी होती बोलायला, बायका पोरं घेऊन, आणि एकेक माणूस उठून सांगत होता की गाळ उपसला की गढूळ पाणी कुठवर जातं आणि तिसऱ्यो शिनाणे या शिंपल्या कुठे बसतात. ते कुठल्या अहवालात नव्हतं, अहवालात होतं "परिणाम तात्पुरता".

चिखलीच्या खाडीत अजून त्या पातळ काचेसारख्या शिंपल्या मिळतात, जुन्या घरांच्या खिडक्यांना लावायचे त्या. वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. आम्ही काढल्या तर गुन्हा, गाळाखाली गेल्या तर तात्पुरता परिणाम.

आणि नियम म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होडीला ६१ दिवस बंदी, माशाची वीण म्हणून, आम्ही पाळतो. किनाऱ्यावर घर दुरुस्त करायचं तर १९९१ च्या फेब्रुवारीआधीचं घर असल्याचा कागद दाखव. आजोबाच्या झोपडीचा कागद कुठून आणू? बंदराला मात्र सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्याच्या नियमांच्या पट्ट्यात, परवानगी मिळते कारण काय तर त्याला समुद्र लागतो. आणि आम्हाला काय डोंगर लागतो?

हिशेबी
खारवी बाब, शेवटचं वाक्य जबरदस्त आहे पण नियम तसा एकतर्फी नाही. मच्छीमार वस्तीला पण सीआरझेडमध्ये सवलती आहेत, २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळं कलम आहे, खाजन जमिनीला, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताला, संरक्षण आहे. अडतं ते नकाशापाशी. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे गोव्याचा किनारपट्टी आराखडा मंजूर व्हायला २०२२ उजाडलं, तोवर २०१९ ची नवीन अधिसूचना येऊन बसलेली. म्हणजे परीक्षा द्यायला बसलो तेव्हा सिलॅबस बदललेला. याला बंदर जबाबदार नाही, पणजी जबाबदार आहे.

मूळ मुद्द्यावर. हा कोळसा वीज बनवायचा नाही, मुख्यतः कोकिंग कोळसा आहे, पोलाद बनवायला लागतो, आपल्याकडे त्या प्रतीचा पुरेसा मिळत नाही म्हणून ऑस्ट्रेलिया वगैरेहून येतो. इथून रेल्वेने बळ्ळारीकडच्या कारखान्यात जातो. मुरगाव नाही तर दुसरं बंदर, कोळसा जळायचा तो जळणारच, फक्त लांबून गेला की डिझेल वीज जास्त.

आणि चेन्नईचं उदाहरण बघा ना. मद्रास हायकोर्टाने तिथे कोळसा आणि लोहखनिज हाताळायला बंदी घातली, १ ऑक्टोबर २०११ पासून लागू. उत्तर चेन्नईवाल्यांनी फटाके फोडले असतील. कोळसा गेला कुठे? पंधरा-वीस किलोमीटरवर एन्नोरला. आता तिथले मच्छीमार बोंबलतायत. एका वस्तीची धूळ दुसऱ्या वस्तीला दिली याला पर्यावरण धोरण म्हणायचं असेल तर म्हणा.

सड्यावरचा
हिशेबी, म्हणूनच तर मी बंदी मागत नाहीये! एन्नोरचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. बंदीने धूळ सरकते, अटींनी धूळ कमी होते. पण "दुसरं बंदर घेईल" हा युक्तिवाद प्रत्येक बंदर करतं हे पण लक्षात घ्या, कारवारवाला मुरगाव दाखवेल, मुरगाववाला कृष्णपट्टणम. मग अटी लावायच्याच नाहीत का कोणी कुठेच?

गोदीवाले दादा, ३५० मी धरलेला आकडा आहे, बरोबर, उदाहरण म्हणूनच दिलंय तसं. पण तुमच्या बोलण्यातच माझी मागणी आहे बघा. पूड रस्त्यावरची की यार्डातली हे ठरवायला तासाचे आकडे, वाऱ्याची दिशा आणि त्या तासाला धक्क्यावर काय चाललेलं हे तिन्ही शेजारी ठेवावं लागतं. वायव्येचा वारा असताना आणि जहाज उपसत असतानाच आकडा चढतो, आणि जहाज नसलेल्या दिवशी तसाच वारा असून चढत नाही, तर रस्त्याची धूळ म्हणता येईल का? उलट निघालं तर बंदर सुटलं, मी स्वतः पेढे वाटीन.

बोगदा बॉय
पेढे झाकून आणा, काळे पडतील

रुळाशेजारी
सगळं वास्कोवरच थांबलं. कोळसा वास्कोत संपत नाही हो, तिथून सुरू होतो. वेळसाव, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे आणि मग घाट. मालगाडीचा एक रेक म्हणजे ५८-५९ वाघिणी, साडेतीन-चार हजार टन माल, आणि असे रेक रात्री-बेरात्री घराच्या पायऱ्यांशेजारून जातात कारण आमच्याकडे लाईन आणि घर यांच्यात अंगणसुद्धा नाही. वरती ताडपत्री असते. असते म्हणजे कधी असते कधी वाऱ्यावर फडफडत असते.

रेल्वेचं दुपदरीकरण कशाला पाहिजे ते सांगा. प्रवासी गाड्या मोजक्या. २०२० च्या १ नोव्हेंबरला चांदरला माणसं रात्रभर रुळावर बसली ती उगाच नाही. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅसलरॉक ते कुळे भागाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तेव्हा सगळ्यांना वाटलं जिंकलो. पण ते फक्त अभयारण्यातल्या तुकड्यापुरतं, आणि नव्याने सविस्तर प्रस्ताव आणायची वाट उघडी ठेवलेलीच आहे. मधल्या गावातलं काम वाघ नाहीत म्हणून चालू. वाघाला वन्यजीव मंडळ आहे, माणसाला काय आहे?

माझा सड्यावरच्याला प्रश्न, तुमची ती तासाची अट बंदराच्या कंपाउंडपर्यंत. गाडी गेटबाहेर पडली की रेल्वे, आणि रेल्वेला मंडळाची संमती कोण मागणार? बंदर म्हणेल आम्ही झाकून दिला, रेल्वे म्हणेल आम्ही फक्त ओढतो.

काळा कोट
(वकिली करतो, पण या प्रकरणात कोणाचाच वकील नाही.)

रुळाशेजारी यांचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. उत्तर अर्धंच आहे माझ्याकडे. वाघीण भरताना कशी भरायची, पृष्ठभागावर चिकट फवारा मारायचा का, ताडपत्री बांधल्याशिवाय गेट पास द्यायचा नाही, ही अट भरणाऱ्याच्या संमतीत घालता येते कारण भरणं टर्मिनलच्या हद्दीत होतं. धावत्या गाडीला ती लागू होत नाही, पण मडगावला ताडपत्री फाटून पोचली तर ती नीट बांधली नव्हती हे विचारायला जागा राहते.

आता इतरांच्या काही गैरसमजांबद्दल. "बंदर केंद्राचं, राज्याला अधिकार नाही" हे दोन्ही बाजू म्हणतात आणि दोन्ही बाजूंच्या सोयीचं आहे. २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने बंदर ट्रस्टचं प्राधिकरण झालं, भाडं दर जमीन याबाबत बंदराच्या मंडळाला जास्त मोकळीक मिळाली. हवा कायदा आणि १९७४ चा पाणी कायदा त्याने हलवलेला नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत बंदर, जेटी, ड्रेजिंग (गाळ उपसणं) हे सगळं लाल, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या, गटात आहे. पर्यावरण मंजुरी वेगळी, ती २००६ च्या अधिसूचनेखाली, आणि वर्षाला ५० लाख टन किंवा जास्त क्षमतेचं बंदर असेल तर ती दिल्लीतून येते. लोक या दोन कागदांची सरमिसळ करतात. मंजुरी एकदा मिळते, आणि तिच्याविरुद्ध जायला लवादात मुदत फार कमी, ३० दिवस आणि कारण पटलं तर वर ६०. संमतीचं तसं नाही, ती ठरावीक काळाची असते, नूतनीकरणाला परत यावंच लागतं. त्यामुळे सड्यावरचा म्हणतो ते बरोबर, दाब द्यायचा तर तिथे.

पण एक वाईट बातमी. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातली बरीच शिक्षा बदलली. आधी तुरुंग होता, निदान कागदावर. आता दंड, १० हजार ते १५ लाख. एका पॅनामॅक्स जहाजात ७० हजार टन कोळसा मावतो, त्याच्या किमतीपुढे १५ लाख म्हणजे काय ते हिशेबींनी सांगावं.

हिशेबी
टनाला १५ हजार रुपये धरले, म्हणजे साधारण, तर जहाजभर कोळसा शंभर कोटींच्या वर. १५ लाख म्हणजे त्याच्या ०.१५ टक्के पण नाही. त्याला दंड नाही म्हणत, किरकोळ खर्च म्हणतात. या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला. पण मग हे पण मान्य करा की उपाय दंड वाढवणं हा आहे, क्रेन थांबवणं नाही.

डहाणूकर
गोव्याबाहेरून बोलतोय, चालेल ना. आमच्याकडे वाढवण बंदर येतंय, ७६ हजार कोटींचं, ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. आमच्या डहाणू तालुक्याला तर स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आहे, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने झालेलं. आम्हाला वाटायचं ही भिंत कोणी ओलांडत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने ना हरकत दिली. ढीगभर अटी घालून दिली. तुम्ही अटींवर एवढा जीव टाकताय म्हणून सांगतो, अट घालणं सोपं असतं, पाळली का ते बघायला जो बसवतात त्याचा पगार कोण देतो ते बघा. बंदर सुरू व्हायच्या आधी जे भांडायचं ते भांडून घ्या, नंतर अटीच हातात राहतात. तुमचं बंदर १८८० च्या दशकातलं, तुम्हाला पर्याय नाही, समजू शकतो.

गोदीवाला
डहाणूकरांनी बरोबर सांगितलं, बंदर १८८० च्या दशकातलं. वास्को शहर त्याच्या मागून वाढलं. बंदर आधी, तुम्ही नंतर. विमानतळाशेजारी फ्लॅट घेऊन आवाजाची तक्रार करणारे असतात तसं आहे हे.

काकी वास्कोची
बंदर आधी हो, पण कोळसा आधी नव्हता. आमच्या लहानपणी धक्क्यावर काय काय उतरायचं, या प्रमाणात कोळसा नव्हता उतरत. हे सगळं गेल्या वीस-बावीस वर्षांतलं आहे. आणि दादा, तुमच्याच युनियनची माणसं बायण्यात राहतात ना? त्यांच्या बायका गॅलरीत कपडे वाळत घालत नाहीत, विचारा घरी. मी काही आंदोलनवाली नाही, मोर्च्याला गेले नाही कधी. पण सप्ताहाला वास्कोच्या दामोदराच्या देवळाच्या दारात चोवीस तास भजन चालतं तेव्हा बाहेरून आलेला माणूस विचारतो की ही पायाला काळी काय लागली, तेव्हा लाज आपल्याला वाटते, बंदराला नाही.

गोदीवाला
काकी, घरच्यांना विचारायची गरज नाही, मी स्वतः यार्डात असतो, तुमच्याआधी माझ्या नाकात जाते. म्हणून सांगतो काय बदललं आणि काय नाही ते, कारण इथे कोणी आत येऊन बघितलेलं दिसत नाही.

पूड चार जागी उडते. ग्रॅब उघडतो तिथे, हॉपरवर, म्हणजे खालच्या मोठ्या नरसाळ्यावर. उंचावरून सोडला तर ढग, खाली टेकवून सोडला तर जवळपास काही नाही. हे ऑपरेटरच्या हातात आणि त्याच्यावर टनाचा दट्ट्या किती त्याच्यावर. मग कन्व्हेअरची वळणं, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडतो ती जागा, ती झाकलेली असली तर ठीक. मग ढीग. ढिगावर पाण्याचे फवारे असतात, वरून ओला दिसतो, लोडरने खणला की आतून कोरडा निघतो, आणि जास्त पाणी मारलं तर कारखानेवाला ओरडतो कारण तो पाण्याचे पैसे देत नाही, कोळशाचे देतो. आणि चौथी जागा वाघीण भरताना, लोडरने वरून ओतायची ती. याच्यात सगळ्यात मोठा फरक पडतो तो छपराखाली ढीग ठेवण्याने आणि वाघीण सायलोतून, म्हणजे उंच बंद कोठीतून, भरण्याने. कोट्यवधीचा खर्च आहे, पण होतो. पाऊस आला की लोक खूश असतात धूळ बसली म्हणून, तेव्हा उघड्या ढिगावरचं काळं पाणी गटारातून कुठे जातं ते खारवीला विचारा.

म्हणजे बघा, मी पण धुळीच्या बाजूने नाही. पण क्रेन थांबवायची अट म्हणजे नुसती बोलायची गोष्ट. जहाज तासावर भाड्याने घेतलेलं नसलं तरी उतरवायला ठरलेला वेळ असतो, तो उलटला की डेमरेज, म्हणजे जहाज अडकवल्याची भरपाई. दिवसाला लाखो रुपये, डॉलरमध्ये. वारा रोज दुपारी येतो, डिसेंबर ते मे. रोज तीन-चार तास क्रेन उभी म्हणजे जहाज एक दिवसाऐवजी सव्वा दिवस. तो पैसा कोण भरणार? फिरून फिरून आमच्या इन्सेंटिव्हमधून कापणार, हे लिहून घ्या.

सड्यावरचा
हा पहिला माणूस ज्याने काहीतरी खरं सांगितलं. दादा, खरंच, हे असं लिहून एखाद्या सुनावणीत का देत नाही?

डेमरेजचं बघू. जहाजाच्या करारात बहुतेक वेळा 'वेदर वर्किंग डे' असतो ना? म्हणजे हवामानामुळे काम थांबलं तर तो वेळ धरत नाहीत. धुवांधार पाऊस पडला की हॅच बंद करून सगळे बसतात, तेव्हा कोणी विचारत नाही की पैसा कोणाचा. मग ठरलेल्या वेगाच्या वर वारा हे पण हवामानच. मंडळाने संमतीत आधीच आकडा लिहून ठेवला तर आयात करणाऱ्याला करार करतानाच माहीत असणार, तो त्या हिशेबाने वेळ मागून घेईल. एकदा सगळ्यांना नियम माहीत झाला की त्याचा भाव मालात धरला जातो. कामगाराच्या इन्सेंटिव्हला हात लावू नका ही अट पण घाला पाहिजे तर, मी सही करतो.

काळा कोट
मध्येच बोलतो, हा मुद्दा वाटतो तितका सरळ नाही. पावसाने काम अशक्य होतं. वाऱ्याने काम अशक्य होत नाही, ते करायला मनाई होते. जहाजमालक म्हणेल हे हवामान नाही, हा स्थानिक प्राधिकरणाचा हुकूम आहे, आणि त्याची जोखीम माल घेणाऱ्याची. लंडनच्या लवादात दोन-तीन वर्षं चालेल. करारात वेगळं कलम घालून घेतलं तर प्रश्न मिटतो, पण ते घालायला मुरगावच्या ग्राहकाला कोणीतरी भाग पाडावं लागेल. आज ते कोणी पाडत नाही.

गोदीवाला
हेच. आणि ग्राहक दोनच-तीन आहेत, त्यांना भाग पाडणारा माणूस पणजीत जन्मायचाय अजून.

हिशेबी
माझा पर्याय सांगतो, पटला तर बघा. क्रेन थांबवू नका, दर बदला. ज्या तासाला धुळीचा आकडा वर, त्या तासाला उतरवलेल्या टनाला जादा शुल्क. हरित श्रेयमध्ये चांगल्या जहाजाला सूट देता येते ना, मग धुळीच्या तासाला चढा दर का नाही देता येत? यंत्रणा तीच, फक्त उलटी. छप्पर बांधलं, सायलो लावला तर आकडाच चढणार नाही, शुल्कही नाही. मग कंपनी स्वतःहून हिशेब करेल की छप्पर स्वस्त की शुल्क.

खारवी
म्हणजे पैसे भरले की उडवा. श्रीमंताला धूळ उडवायचं लायसन्स. आणि ते शुल्क जाणार बंदराच्या तिजोरीत, म्हणजे धूळ उडाली तर बंदराला कमाई! हिशेबी बाब, तुम्ही माणूस चांगले असाल पण एकदा खारीवाड्याच्या जेटीवर येऊन हे बोला.

हिशेबी
शुल्क बंदराला कशाला, मुरगाव पालिकेला द्या, आरोग्य केंद्राला द्या. आणि आज काय वेगळं चाललंय? आज पैसे न भरताच उडवतात.

रुळाशेजारी
पालिकेला द्या म्हणे. कासावली वेळसाव मुरगाव पालिकेत येत नाही, पंचायत आहे. परत आम्ही बाहेर.

सड्यावरचा
हिशेबींचा चढा दर वाईट नाही, पण त्यालाही तासाचा आकडा लागतोच, म्हणजे माझी पहिली अट तुम्ही मान्य केलीत. गोदीवाल्याला यार्ड दोषी नाही हे सिद्ध करायला तोच आकडा लागेल, काळा कोटला कोर्टात तोच लागेल. मग आधी तेवढं तरी एकत्र मागू या. थांबवायचं की शुल्क घ्यायचं यावर नंतर डोकी फोडू. संमतीचं नूतनीकरण येईल तेव्हा मंडळाला लेखी पत्र, त्यात तीनच ओळी: तासाचे आकडे, वाऱ्याची दिशा, धक्क्यावर त्या वेळी कोणता माल. मसुदा काळा कोट यांनी करावा, फी म्हणून फिश थाळी.

काळा कोट
मसुदा करतो. चौथी ओळ मी घालणार, वाघिणी भरण्याच्या जागेचे आकडे वेगळे, नाहीतर रुळाशेजारी जेवू देणार नाहीत. आणि यंत्र बंदराच्या कंपाउंडमध्ये नको, वस्तीत हवं. जागा कोण देतं बघा, गच्ची लागेल आणि वीज चोवीस तास.

काकी वास्कोची
गच्ची माझी घ्या. विजेचं मात्र वास्कोत देवाक सोडलेलं आहे.

गोदीवाला
पत्रावर मी सही करणार नाही, नोकरी आहे. पण कोणत्या तासाला कोणता माल, ते रजिस्टर कुठल्या नावाने ठेवतात आणि माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं ते काळा कोटना कळवतो. आणि त्या तीन ओळीत ग्रॅबची उंची पण घाला रे, तिथेच निम्मी भानगड आहे.

खारवी
पाण्याची एक ओळ घालणार की नाही कोणी? पावसातलं गटार.

काळा कोट
घातली. पाचवी.